सव्वातीन टीएमसीचा देश

मॉरिशसमधली सात प्रमुख धरणं एकाच दिवशी काठोकाठ भरली, तर त्यांत किती पाणी मावेल? मार ओ व्हाकोआ २५.८९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), मिडलँड्स २५.५०, बागातेल १४, ला फेर्म ११.५२, मार लाँग ६.२८, ला निकोलियेर ५.२६ आणि पिताँ दु मिलिए २.९९. बेरीज ९१ दशलक्ष घनमीटरांच्या थोडी वर जाते. आपल्या सवयीच्या मापात सांगायचं तर सव्वातीन टीएमसी, म्हणजे सव्वातीन अब्ज घनफूट. पुण्याजवळचं एकटं टेमघर धरण ३.७१ टीएमसीचं आहे. साधारण साडेबारा लाख माणसं, मैलोन्‌मैल ऊस आणि किनाऱ्यावर ओळीने हॉटेलं असलेल्या देशाचा धरणसाठा टेमघरात मावून वर जागा उरते.

पाऊस कमी आहे म्हणून हे असं आहे, असं नाही. बेटाची वार्षिक सरासरी सुमारे २००० मिलिमीटर आहे, मुंबईपेक्षा किंचित कमी. पण ही सरासरी फसवी आहे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर चढतात आणि तिथेच रिते होतात. माथ्यावर वर्षाला ४००० मिलिमीटर पडतो, तर पश्चिम किनाऱ्याला ९०० च्या आसपास. मध्ये अंतर किती, तर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. महाबळेश्वरहून वाईत उतरताना जो फरक जाणवतो, तोच इथे. फक्त खाली उतरल्यावर लगेच समुद्र लागतो. पश्चिमेच्या त्या कोरड्या बाजूला ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात कास्काव्हेलसारखी गावं आहेत. कोकणातून आणि घाटावरून मुंबई बंदरामार्गे गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेल्यांची मराठी वस्ती तिथे जुनी आहे.

पडलेल्या पावसापैकी साधारण ६० टक्के पाणी ओढ्या-नद्यांतून वाहून जातं, ३० टक्के हवेत परत जातं आणि १० टक्के जमिनीत मुरतं. बेटाचा आकार वर्तुळासारखा, उंच भाग मध्यभागी, त्यामुळे नद्या आखूड आणि उताराच्या. माथ्यावर सकाळी पडलेला पाऊस संध्याकाळपर्यंत खाऱ्या पाण्यात जातो. धरणांची सगळी क्षमता वार्षिक पावसाच्या अडीच टक्क्यांइतकी आहे. म्हणून इथे धरण किती मोठं आहे यापेक्षा ते वर्षातून किती वेळा भरतं आणि कधी भरू दिलं जातं, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे ठरतात. हे नीट पाहायचं असेल तर मोठ्या मार ओ व्हाकोआपेक्षा उत्तरेतलं छोटं ला निकोलियेर पाहावं.

पॅम्पलमूस आणि रिव्हिएर दु राँपार हे उत्तरेचे दोन जिल्हे सपाट आहेत. त्रिओले, गुडलँड्स यांसारखी मोठी खेडी, बाकी ऊस, आणि कडेने पर्यटकांचा किनारा. पठाराच्या मानाने पाऊस बराच कमी, शिवाय मैदानाखालचा लाव्हा तरुण आणि सच्छिद्र, त्यामुळे भरवशाच्या नद्या थोड्याच. या मैदानाच्या वर डोंगरउतारावर १९२९ साली ला निकोलियेर बांधलं गेलं, ते मुळात उसाच्या सिंचनासाठी. धरणाच्या माथ्यावरून रस्ता जातो. एका हाताला रान आणि पाणी, दुसऱ्या हाताला खाली पसरत गेलेलं उसाचं मैदान. पाणी आणि ते ज्याच्यासाठी अडवलं तो ऊस, दोन्ही त्या एका नजरेत येतात.

५.२६ दलघमी म्हणजे खडकवासल्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं पाणी. खडकवासल्याची उपमा इथे दुसऱ्या अर्थानेही चपखल बसते. पुणेकर ‘खडकवासल्याचं पाणी’ म्हणतात, पण खडकवासल्यात स्वतःचं पाणी दोन टीएमसीसुद्धा नाही. खरा साठा पानशेत, वरसगाव आणि टेमघरमध्ये असतो. खडकवासला ही तो साठा उतरवून घेण्याची आणि पुढे वाटण्याची जागा आहे. ला निकोलियेर तसंच आहे. त्याचं पानशेत म्हणजे पठारावरचं मिडलँड्स धरण, २००२ च्या सुमारास पुरं झालेलं, त्याच्या पाचपट मोठं. मिडलँड्सचं पाणी फीडर कालव्याने डोंगराच्या कडेकडेने निकोलियेरला येतं. तिथे ते थांबतं, शुद्ध होतं आणि नळांवाटे उत्तरेत उतरतं. उत्तरेच्या गावांचं पाणी असं एका सांध्यावर लटकलेलं आहे.

सांध्याचा हिशेब साधा आहे. रोज १ लाख घनमीटर उपसा धरला आणि कालवा बंद पडला, तर भरलेलं निकोलियेर कागदावर ५२ दिवस पुरेल. प्रत्यक्षात तेवढंही नाही. तळाचा मृत साठा वजा करा. गरम दिवसांत ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर दर हेक्टरमागे रोज ५० घनमीटर हवेत जातात, तेही वजा करा. उरतात पाच-सहा आठवडे. म्हणून उत्तरेचा खरा जीव धरणाच्या भिंतीइतकाच त्या कालव्यात आहे, आणि कालव्याकडे भिंतीइतकं लक्ष कोणाचंच नसतं.

उघडा कालवा रोज थोडा थोडा बिघडतो. कडेच्या झाडांची पानं आणि उसाचं पाचट जाळीवर येऊन अडकतं, जाळीमागे पातळी चढते आणि पाणी काठावरून रानात सांडू लागतं. सांध्यांतलं सिमेंट मुळांनी फुटतं. वरच्या उतारावरची माती एका मुसळधार रात्रीत पात्रात येऊन बसते. अस्तराला शेवाळ धरलं की पृष्ठभाग खरखरीत होतो, तेवढ्याच उताराला प्रवाह मंदावतो आणि कालवा भरलेला दिसूनही पुढे कमी पाणी पोचतं. हे शेवटचं सगळ्यात फसवं, कारण डोळ्यांना काहीच चुकलेलं दिसत नाही. त्यासाठी कालव्याच्या दोन्ही टोकांना प्रवाह मोजावा लागतो. वर किती सोडलं आणि खाली किती आलं, यांतला फरक दर आठवड्याला लिहून ठेवला, तर तो फरक हळूहळू वाढतोय की एकदम, यावरून दुखणं ओळखता येतं. हळू वाढला तर शेवाळ, गाळ किंवा अस्तराचा पाझर. एकदम वाढला तर फूट, नाहीतर कुणीतरी लावलेला पाइप.

पाइपाची शंका उगाच नाही. इथल्या नद्या-कालव्यांच्या पाण्यावरचे हक्क वसाहतीच्या काळापासून ऊसमळ्यांशी बांधलेले आहेत. त्यामागचा नद्या आणि कालव्यांचा कायदा १८६३ सालचा आहे. मळ्यांचं पाणी आणि घरांचं पाणी एकाच उतारावरून येतं तेव्हा दुष्काळी वर्षात कोणाचा वाटा आधी कापायचा, हा प्रश्न इंजिनिअरच्या हातातला राहत नाही. पिण्याचं पाणी आधी, हे स्पष्टपणे लिहिलेलं आणि पाळलेलं असायला हवं.

आता चक्रीवादळाचा दिवस घेऊ. मॉरिशसचा पावसाळा डिसेंबर ते एप्रिल. आपण संक्रांतीचे तिळगूळ वाटतो तेव्हा तिथे वादळांचे इशारे सुरू असतात. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल आलं आणि पोर्ट लुईचे रस्ते वाहू लागले. अशा वादळानंतर हटकून एक गोष्ट घडते आणि बाहेरच्या माणसाला ती कळत नाही. धरण भरून वाहतं आणि गावाचे नळ कोरडे असतात. लोक म्हणतात, ‘डिलो कुपे’, पाणी तोडलं. डिलो म्हणजे क्रिओलमध्ये पाणी. संताप अगदी योग्य, पण कारण समजून घेण्यासारखं आहे.

वादळी पावसात लाल माती पाण्यात येते. एरवी ५-१० एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) गढूळपणा असणारं पाणी काही तासांत शेकड्यांवर जाऊ शकतं. शुद्धीकरण केंद्राचं काम गढूळपणा १ एनटीयूच्या खाली आणणं, कारण त्याच्या वर क्लोरिन नीट काम करत नाही. जंतू मातीच्या कणांआड लपतात. यासाठी तुरटी घालायची, पण किती? ते जार टेस्टने ठरतं. एक-एक लिटरची सहा भांडी घ्यायची. तुरटीचं १ टक्का द्रावण करायचं, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी येते. भांड्यांत अनुक्रमे १, २, ३, ४, ५, ६ मिलिलिटर घालायचं. एक मिनिट जोरात ढवळायचं, मिनिटाला १०० फेऱ्यांनी. मग १५-२० मिनिटं अगदी हळू, ३० फेऱ्यांनी, म्हणजे मातीच्या गुठळ्या जमतात. मग अर्धा तास हात लावायचा नाही. वरचं पाणी काढून गढूळपणा मोजायचा आणि ज्या सगळ्यात कमी मात्रेत पाणी निवळलं ती मात्रा घ्यायची.

इथे नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. पाणी निवळत नाही म्हटल्यावर तो तुरटी वाढवत जातो. पण डोंगरावरचं पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, कमी. १ मिलिग्रॅम तुरटी जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. क्षारता संपली की सामू (पीएच) घसरतो, गुठळ्या जमायच्या थांबतात आणि घातलेली तुरटी विरघळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या रूपात गाळण्यांतून पार होते. अशा वेळी तुरटी कमी करून आधी चुना घालावा लागतो. म्हणून वादळाच्या दिवशी जार टेस्ट दर दोन-तीन तासांनी करायची आणि प्रत्येक वेळी सामूही पाहायचा. सकाळची मात्रा दुपारी चुकीची असते.

पाणी निवळलं तरी वाळूच्या गाळण्या आहेतच. एरवी दिवसा-दीड दिवसाने धुवाव्या लागणाऱ्या गाळण्या अशा वेळी चार-पाच तासांत तुंबतात. धुवायला उलटा प्रवाह सोडायचा, तो शुद्ध केलेल्या पाण्याचाच. म्हणजे केंद्र जेवढं पाणी तयार करतं त्यातला मोठा हिस्सा स्वतःच्याच गाळण्यांवर खर्च होतो. एक वेळ अशी येते की केंद्र बंद ठेवणंच शहाणपणाचं ठरतं.

तुरटीच्या साठ्याचंही बघा. रोज ५० हजार घनमीटर पाण्याला १५ मिलिग्रॅमने ७५० किलो तुरटी लागते. वादळात मात्रा ४० वर गेली की रोज २ टन. झाडं पडून रस्ते चार दिवस बंद राहिले तर केंद्रात ८ टन आधीच हवी, आणि तीही कोरड्या जागी, जमिनीपासून उचलून ठेवलेली. नोव्हेंबर संपायच्या आत हा साठा मोजून ठेवणं हे वादळाच्या तयारीतलं सगळ्यात स्वस्त काम आहे.

सांध्याचा खरा उपयोग मात्र याच दिवशी दिसतो. वादळाच्या आदल्या दिवशी निकोलियेरमध्ये स्वच्छ पाणी असेल, तर कालव्याचा दरवाजा बंद करायचा. वरचं लाल पाणी आत घ्यायचंच नाही, ते नदीला जाऊ द्यायचं. ऐन पावसात पाणी सोडून देताना हात जड होतो, बाहेरून टीकाही होते. पण आत असलेलं स्वच्छ पाणी आठवडाभर सहज पुरतं, आणि तेवढ्यात वरची नदी निवळते. धरणात एकदा शिरलेली बारीक चिकणमाती मात्र आठवडेच्या आठवडे तरंगत राहते. भर पावसात दरवाजा लावून घेणारा माणूस आपलं काम चोख जाणतो, असं खुशाल समजावं.

दुसरं टोक ऑक्टोबरचं. मॉरिशसचा तो सगळ्यात कोरडा महिना. गणेश चतुर्थी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते. आपल्याकडे तेव्हा नद्या दुथडी असतात, तिथे त्याच सणाला नद्या उतरणीला लागलेल्या असतात. १९९८-९९ मध्ये पाऊस लांबला आणि धरणं तळाला गेली, तो दुष्काळ अजून लोकांच्या बोलण्यात येतो.

पातळी उतरली की पाणी फक्त कमी होत नाही, वेगळं होतं. धरणातून पाणी घेण्याच्या मनोऱ्याला वेगवेगळ्या उंचीवर खिडक्या असतात. भरल्या धरणात पृष्ठभागाखालून दोन-तीन मीटरवरचं पाणी घेणं चांगलं. अगदी वर शैवाल असतं आणि तळाला प्राणवायू संपलेला असतो. प्राणवायू संपला की गाळातलं लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात येतं. पातळी घसरत गेली की वरच्या खिडक्या एकेक करून उघड्या पडतात आणि शेवटी खालची एकच उरते. निवड संपते. मँगनीज मोठं चिवट आहे. केंद्रातून बाहेर पडताना पाणी काचेसारखं दिसतं, मग नळातल्या क्लोरिनशी त्याची हळूहळू क्रिया होते आणि दोन दिवसांनी कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर काळे ठिपके उमटतात. पोटॅशियम परमँगनेट घालून ते आधीच पकडता येतं, पण मात्रा जरा जास्त झाली तर पाणी गुलाबी. त्यामुळे तळाच्या खिडकीवर येण्याच्या एक-दोन आठवडे आधीच मँगनीज मोजायला लागावं.

कोरड्या महिन्यांत विहिरी मदतीला येतात. देशाच्या पिण्याच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग जमिनीखालून येतो. पण बेटावरचं भूजल खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी उभं असेल तर खाली साधारण ४० मीटर गोड्या पाण्याचा थर असतो. उपसून वरची पातळी अर्धा मीटर उतरवली, की खालून खारं पाणी वीस मीटर वर यायला बघतं. किनाऱ्यालगतची विहीर एकदा खारावली की पंप बंद करून लगेच सुधारत नाही, काही पावसाळे जावे लागतात. निकोलियेरमधलं एक घनमीटर वाचलं तर उत्तरेच्या विहिरींवरचा तेवढा ताण कमी होतो. ही दोन पाणी वेगळ्या रकान्यांत लिहिली जातात, पण ती एकच आहेत.

इतक्या कष्टाने आणलेलं, निवळलेलं पाणी नळात शिरतं आणि देशभरात त्यातलं निम्म्याहून अधिक बिलापर्यंत पोचतच नाही. धरण, कालवा, तुरटी या सगळ्यापेक्षा हा आकडा मोठा आहे आणि त्याबद्दल हळहळ वाटलीच पाहिजे. ३ मिलिमीटरचं भोक, ५० मीटर उंचीचा दाब: दिवसाला सुमारे ११ हजार लिटर जातात. माणशी १५० लिटर धरले तर सत्तर-पंचाहत्तर माणसांचं पाणी. सच्छिद्र लाव्ह्यात ते वर येतही नाही, खालच्या खाली मुरतं. निकोलियेरहून पाणी उताराने येतं, ही मोठी देणगी. वादळात वीज गेली तरी गावात पाणी पोचू शकतं. पण १० मीटर उतारामागे साधारण १ बार दाब चढतो आणि रात्री वापर थांबला की तो दाब सगळा जुन्या सांध्यांवर येतो. वाटेत दाब तोडणाऱ्या टाक्या आणि झडपा हव्यात. त्या झडपांची जाळी साफ केली नाही तर त्या उघड्याच अडकतात, आणि खालच्या गावात एका रात्रीत तीन ठिकाणी पाइप फुटतो.

पाणी ठरावीक तासच येतं म्हणून घरोघरी छपरावर टाकी आली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ती घ्यायला सरकार अनुदानही देतं. टाकीची काळजी घरच्यांनाच घ्यावी लागते. वर्षातून दोनदा रिकामी करून घासायची, मग १००० लिटरच्या टाकीत ५ टक्क्यांचं ब्लीच १ लिटर घालून ती काठोकाठ भरायची, सगळे नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडायचे, चार-सहा तास तसंच ठेवून सगळं पाणी ओतून द्यायचं आणि पुन्हा धुवायचं. ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी लावायची. २००६ ची चिकुनगुनियाची साथ या बेटाने सोसली आहे, डासाला तेवढं तोंड पुरतं. आणि वादळाच्या आधी टाकी भरून ठेवायची. भरलेली टाकी १००० किलोची, जागची हलत नाही. रिकामी टाकी शेजारच्या छपरावर सापडते.

याच टाक्या गळती शोधणाऱ्याची पंचाईत करतात. टाकी भरत आली की फ्लोट व्हॉल्व्ह अर्धवट मिटतो आणि पाणी धाग्यासारखं येत राहतं. तेवढ्या बारीक धारेला मीटर फिरत नाही. म्हणजे वापरलेलं पाणीही न मोजलेल्यांत जमा होतं. त्याहून मोठी अडचण रात्रीची. गळती मोजायची जगभरची रीत अशी, की पहाटे दोन ते चार या वेळात गावाच्या तोंडावरचा प्रवाह पाहायचा. लोक झोपलेले, म्हणून जे वाहतंय ते बहुतेक गळतीचं. पण इथे त्याच वेळी हजारो टाक्या भरत असतात. आकडा पाहून गळती आणि टाकी वेगळी करता येत नाही. सगळ्या टाक्या भरू द्याव्या लागतात. मग आलेख उतरत उतरत एका आडव्या रेषेला टेकतो, आणि ती रेषा म्हणजे गळती. यासाठी त्या भागाला पाच-सात दिवस अखंड पाणी द्यावं लागतं. टंचाईत ते कोणालाच परवडत नाही, रेषा आडवी व्हायच्या आत झडप बंद करायची वेळ होते. म्हणून हे मोजमाप फेब्रुवारी-मार्चमध्ये करायचं, निकोलियेरचा सांडवा वाहत असताना. एकेका गावाची झडप पूर्ण उघडी ठेवून, पहाटे तीनला, वहीत आकडा लिहायचा.